रिसीव्हरची दुसरी बॅटरी

विजेवर उडणाऱ्या मॉडेल विमानात रिसीव्हरसाठी, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरचा संदेश पकडणाऱ्या भागासाठी, वेगळी बॅटरी ठेवावी की ठेवू नये, या प्रश्नाकडे मी सहा वर्षे लक्षच दिले नव्हते. मोटर फिरवणारी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी एकच असते, तिच्यातूनच ईएससीमध्ये (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटमध्ये) बसवलेल्या बीईसीमार्फत रिसीव्हरला आणि सर्व्होंना, म्हणजे विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींना, ५ व्होल्ट मिळतात, आणि एवढ्या व्यवस्थेवर उड्डाणामागून उड्डाण सुखरूप होते, हेच मी पाहत आलो होतो. बीईसी म्हणजे ‘बॅटरी एलिमिनेटर सर्किट’. रिसीव्हरची स्वतंत्र बॅटरी काढून टाकता यावी आणि तेवढे वजन वाचावे, म्हणूनच ते निघाले. इंजिनावर उडणाऱ्या जुन्या विमानांत चार सेलची छोटी बॅटरी रिसीव्हरसाठी असायचीच, कारण तिथे दुसरीकडून वीज मिळण्याची सोय नव्हती. काढून टाकलेली तीच बॅटरी मी गेल्या वर्षी माझ्या विमानात परत बसवली. ती कशी बसवली, वाटेत कुठे चुकलो आणि ती खरोखर उपयोगाची आहे हे कशावरून पटले, ते लिहितो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये विद्युत देखभालीचे काम करतो. शहराच्या पूर्वेला सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाची प्रशिक्षण संस्था असल्यामुळे त्या बाजूला मॉडेल उडवण्याचा विचारही आम्ही करत नाही. खानापूर तालुक्यात माझ्या बहिणीच्या सासरची दोन-अडीच एकर सलग जमीन भाताची कापणी झाली की मोकळी होते, आणि तेव्हापासून पावसाळा सुरू होईपर्यंत आमची रविवारची सकाळ तिथे जाते. सोबत भाचा असतो, आणि हवाई दलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले एक कन्नडभाषक गृहस्थ असतात. त्यांना आम्ही दोघेही अण्णा म्हणतो.

विमान मी घरीच बांधलेले आहे. बाल्सा आणि प्लायवूडचे, वर पंख असलेले, १६० सेंटिमीटर पंखविस्ताराचे आणि वजनाला साधारण दोन किलो. सुरुवातीला त्यात तीन सेलची लिपो आणि चार सर्व्हो होते: एलेरॉनला (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपांना) दोन, एलेव्हेटरला (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या झडपेला) एक आणि रडरला (उभ्या शेपटीच्या झडपेला) एक. पुढे उतरताना वेग कमी करता यावा म्हणून मी पंखांना फ्लॅप, म्हणजे खाली सोडता येणाऱ्या झडपा, जोडले, त्यामुळे सर्व्हो सहा झाले. त्याच सुमारास मोटर बदलून चार सेलची लिपो घातली. ईएससी मात्र तीच ठेवली, कारण ती चार सेलपर्यंत चालते असे तिच्या वेष्टनावरच छापलेले होते. एवढे वाचून मी निश्चिंत झालो, आणि पुढचे सगळे नुकसान तिथूनच सुरू झाले.

एप्रिलमधला रविवार होता. त्या दिवशी पोहोचायला उशीर झाल्यामुळे तिसरे उड्डाण होईपर्यंत साडेअकरा वाजले होते आणि तांबड्या मातीतून धग वर येऊ लागली होती. मी फ्लॅप पूर्ण खाली सोडून विमान उतरण्यासाठी वळवले. ते साधारण वीस मीटर उंचीवर असताना मोटर थांबली आणि विमान वळणातच अडकून राहिले. ट्रान्समीटरची स्टिक कोणत्याही दिशेला नेली तरी काही फरक पडेना. तीन-चार सेकंदांत ते उजव्या पंखावर बांधाला धडकले. आम्ही धावत जाऊन पाहिले तेव्हा नाक फुटलेले होते, उजवा पंख मुळापासून निघाला होता, आणि विशेष म्हणजे आम्ही पोहोचलो त्या वेळी शिल्लक राहिलेले सगळे सर्व्हो स्टिकबरोबर व्यवस्थित हलत होते.

सर्व्हो चालू असल्यामुळे आमचा तर्क लगेच एका बाजूला गेला. भाचा म्हणाला, “मामा, सिग्नलच गेला असणार. त्या टेकडीवर नवीन टॉवर उभा केलाय बघा.” मलाही ते पटले होते. अण्णांनी मात्र लिपो काढली, ईएससीवर बोट ठेवले आणि लगेच मागे घेतले. “पहिलं व्होल्टेज बघा, सिग्नलला नंतर बोल लावा,” एवढेच ते म्हणाले. ईएससीचे वेष्टन बोट टेकवता येणार नाही इतके तापलेले होते.

घरी आल्यावर मी मोडक्या सांगाड्यातले सगळे सामान जसेच्या तसे टेबलावर मांडले. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर, म्हणजे सर्व्होचा प्लग खोचण्याच्या जागेवर, मल्टिमीटर लावला. सर्व्हो स्थिर असताना ५.०२ व्होल्ट दिसत होते. दोन्ही स्टिक जोरात फिरवल्या की आकडा ४.७ पर्यंत येई आणि पुन्हा वर जाई. यात भिण्यासारखे काही वाटले नाही. पण साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो, त्यामुळे मधल्या मधे व्होल्टेज किती खाली जाऊन आले ते त्याला कळतच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन कारखान्यातल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या यंत्रावर, तेच जोडले. सहाही सर्व्हो एकदम हलवले की पडद्यावरची रेघ काही मिलिसेकंदांसाठी ३.९ व्होल्टपर्यंत बुडत होती. २.४ गिगाहर्ट्‌झचे बहुतेक रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि सुरू झाल्यावर ट्रान्समीटरशी जोडले जायला त्यांना थोडा वेळ लागतो. म्हणजे आम्ही काठावर उडत होतो.

तरीही हे एवढे मोठे बंद पडणे त्यातून उलगडत नव्हते. शेवटी फ्लॅप पूर्ण खाली सोडून सगळे तसेच चालू ठेवले आणि समोर बसून राहिलो. डावा फ्लॅपचा सर्व्हो सारखा बारीक आवाज करत होता. फ्लॅप ओढणारी त्याची तार थोडी आखूड झाली होती, त्यामुळे बिजागरी टोकाला टेकल्यावरही तो आणखी ओढत राहिला होता. नुसत्या त्या एका सर्व्होला ०.६ अँपिअर लागत होते. चौथ्या मिनिटाला रिसीव्हरचा दिवा विझला. मल्टिमीटरवर जेमतेम एक व्होल्ट उरला. चाळीस सेकंदांनी दिवा आपोआप पुन्हा लागला आणि सर्व्हो हलू लागले. शेतात घडले ते माझ्या टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा घडले, आणि इथे जवळपास कुठलाही टॉवर नव्हता.

त्याचा हिशेब सरळ आहे. माझ्या ईएससीतले बीईसी लिनिअर प्रकारचे होते. असे बीईसी वरचे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवून खाली ५ व्होल्ट देते. तीन सेलची लिपो उड्डाणात सरासरी ११.४ व्होल्ट धरली, तर ६.४ व्होल्ट घालवायचे असतात. चार सर्व्होंना सरासरी ०.७ अँपिअर लागले तर साडेचार वॅट उष्णता होते, आणि ती बीईसीला सोसते. चार सेलला १५.२ व्होल्ट धरले तर १०.२ व्होल्ट घालवावे लागतात, आणि सहा सर्व्हो अधिक तो अडकलेला फ्लॅप मिळून १.२ अँपिअर झाले की उष्णता १२ वॅटवर जाते. म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी उष्णता, प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेल्या आणि वारा बाहेर जायला वाट नसलेल्या नाकात. बीईसीने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली आणि थंड झाल्यावर परत जोडली. ईएससीबरोबर आलेला कागद मी कपाटातून शोधून काढला. त्यात बारीक अक्षरांत तक्ता होता आणि चार सेलवर जास्तीत जास्त चार सर्व्हो लावावेत असे स्पष्ट लिहिलेले होते.

इथे कोणी म्हणेल की दोष सापडला, तो दूर केला की झाले, बॅकअप कशाला? मीही आठवडाभर असेच म्हणत होतो. फ्लॅपची तार नीट केली आणि लिनिअरऐवजी वेगळे स्विचिंग बीईसी लावले की उष्णतेचा प्रश्न सुटतो. स्विचिंग बीईसी जादा व्होल्टेज जाळत नाही, ते वेगाने चालू-बंद करून खाली उतरवते, म्हणून चार सेल काय किंवा सहा सेल काय, ते फारसे तापत नाही. पण अण्णांनी कागदावर एक रेघ ओढून दाखवली: लिपो, तिचा कनेक्टर, बीईसी, त्याचा प्लग, रिसीव्हर. “या रेघेत कुठंबी तुटलं तर विमान तुमचं राहत नाही,” ते म्हणाले. मोटर बंद पडलेले विमान उतरवता येते, माझ्यासारख्या साधारण हाताच्या माणसालाही ते जमते. रिसीव्हर बंद पडलेले विमान कोणालाच उतरवता येत नाही. दोन किलोचे विमान, पुढे फिरणारा पंखा, आणि शेताच्या पलीकडच्या वाटेने रविवारी गावातली माणसे जा-ये करतात. हा विचार आल्यावर माझ्याकडे टाळायला कारण उरले नाही.

सगळ्यात सोपा म्हणून आधी कपॅसिटरचा, म्हणजे थोडी वीज क्षणभर साठवणाऱ्या भागाचा, उपाय तपासला. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये खोचण्याचे ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बरेच जण वापरतात. एक अँपिअर प्रवाह घेतला तर अशा कपॅसिटरचे व्होल्टेज एका व्होल्टने उतरायला पाच मिलिसेकंदही लागत नाहीत. ऑसिलोस्कोपवर दिसलेल्या त्या क्षणिक खड्ड्यांसाठी त्याचा उपयोग आहे आणि तेवढ्यासाठी मी तो ठेवलाही आहे, पण चाळीस सेकंद वीज गेली तर तो काहीच करू शकत नाही. दुसरे बीईसी पहिल्याच्या जोडीला लावण्याची सूचनाही मिळाली होती. त्यात दोन अडचणी दिसल्या. दोन्ही एकाच लिपोवर अवलंबून राहतात, म्हणून लिपोचा कनेक्टर निसटला की दोन्ही एकदम जातात. आणि दोन स्विचिंग बीईसी मध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) न घालता थेट एकत्र जोडणे योग्य नाही. म्हणून लिपोशी कसलाही संबंध नसलेली स्वतंत्र बॅटरी हवी, हे ठरले.

ती बॅटरी नुसती बीईसीच्या समांतर जोडून चालत नाही. बीईसीचे व्होल्टेज जास्त असेल तर ते बॅटरीत प्रवाह ढकलत राहते, आणि लिथियमच्या बॅटरीत असा बेलगाम प्रवाह ढकलणे धोक्याचे असते. उलट बीईसी आतून शॉर्ट झाले तर बॅटरी आपला सगळा जीव त्या शॉर्टमध्ये ओतून रिकामी होते, म्हणजे ज्या दिवसासाठी ती ठेवली त्याच दिवशी ती उपयोगी पडत नाही. म्हणून दोन्ही वाटांवर एकेक डायोड हवा, म्हणजे प्रवाह रिसीव्हरकडे जाईल पण एका वाटेतून दुसऱ्या वाटेत शिरणार नाही. माझ्या डब्यात १एन४००७ डायोड भरपूर होते आणि पहिला प्रयोग मी त्यांच्यावरच केला. ते एक अँपिअरचे असतात आणि तेवढ्या प्रवाहावर जवळजवळ एक व्होल्ट खातात, हे मला माहीत असूनही हाताशी आहेत म्हणून वापरले. टेबलावरच ते तापले आणि मी काढून टाकले. नंतर १एन५८२२ हे शॉटकी डायोड आणले. हे सलग तीन अँपिअरचे आहेत, आणि आमच्या सर्व्होंच्या नेहमीच्या प्रवाहावर साधारण ०.३ ते ०.४ व्होल्टच खातात.

मुख्य वाटेवर पाच अँपिअरचे स्विचिंग बीईसी आले आणि ते मी ६ व्होल्टवर ठेवले, कारण माझे सर्व्हो ६ व्होल्टपर्यंतचे आहेत आणि डायोडमध्ये थोडे जाणारच होते. ईएससीच्या प्लगमधली तांबडी तार काढावी लागली, नाहीतर तिच्या आतले जुने बीईसी तिसऱ्या वाटेने वीज देत राहिले असते. ही तार कापू नये. प्लगच्या एका बाजूला प्लॅस्टिकची बारीक जीभ असते. शिवणकामाची टाचणी तिच्याखाली सरकवून जीभ अलगद उचलली आणि तार मागून ओढली की पितळी टोकासकट ती बाहेर येते. त्या टोकावर हीटश्रिंकची (उष्णतेने आवळणारी) नळी चढवून मी ती बाकीच्या दोन तारांबरोबर बांधून ठेवली. काळी आणि पांढरी तार जागेवर राहिली, कारण थ्रॉटलचा, म्हणजे मोटरच्या वेगाचा, संदेश त्यांच्यावरूनच जातो. स्विचिंग बीईसी रिसीव्हरच्या अंगाला खेटून ठेवले तर त्याचा उपद्रव रेडिओला होऊ शकतो, म्हणून ते नाकात आणि रिसीव्हर पंखाखाली, असे वीस सेंटिमीटर अंतर ठेवले.

बॅकअप म्हणून मी दोन सेलची लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी निवडली, ७०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप). वजन कमी, पडून राहिली तरी चार्ज टिकतो, आणि लिपोपेक्षा ती शांत स्वभावाची. जूनमध्ये पाऊस लागण्याआधी नवे नाक आणि नवा पंख बसवून आम्ही एका सकाळी पाच उड्डाणे केली. सगळे उत्तम झाले. फक्त पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवर सर्व्हो किंचित थरथरत होते, आणि तिकडे मी दुर्लक्ष केले.

रात्री चार्जरला लावताना माझी अपेक्षा होती की बॅकअप वापरलाच गेला नाही, तेव्हा फार तर वीस-तीस एमएएच भरतील. चार्जरने ४८० भरले. मी चार्जर बिघडला समजून दुसऱ्यावर लावून पाहिले. मग वही काढली. बांधणीच्या वेळी मी रिसीव्हर आणि सर्व्हो एका उड्डाणाइतका वेळ बॅटरीवर चालवून पाहिले होते, आणि आठ मिनिटांना साधारण ९५ एमएएच लागतात अशी नोंद होती. पाच उड्डाणांचे ४७५ होतात. म्हणजे त्या सकाळी पाचही उड्डाणे बॅकअपवरच झाली होती आणि मुख्य बीईसी नुसते बसून होते.

डायोडांची ही मांडणी मुख्य कोण आणि राखीव कोण हे ओळखत नाही. ज्याचे व्होल्टेज जास्त, तो पुरवठा करतो, एवढाच तिचा नियम. बीईसीचे ६ व्होल्ट डायोडमधून गेले की ५.६ राहत होते. लायफेचे दोन सेल मिळून ६.६ व्होल्ट असतात, डायोडनंतर ६.२. ताज्या चार्जवर तर ती ७.२ पर्यंत असते, म्हणून सुरुवातीला सर्व्होंना पेलणाऱ्यापेक्षा जास्त मिळत होते आणि ते थरथरत होते. त्यात लायफेचा स्वभाव असा की तिचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते, त्यामुळे ती आपली जागा बीईसीला देते तीच रिकामी होण्याच्या बेतात आल्यावर. आणखी दोन उड्डाणे केली असती तर विमान पुन्हा एकाच वाटेवर आले असते, आणि मी मात्र दोन वाटा आहेत या समजात राहिलो असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

खरे तर उत्तर जुन्या इंजिनाच्या विमानांतच होते. निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल म्हणजे ४.८ व्होल्ट. चार्ज करून रात्रभर ठेवले की ते ५.३ च्या आसपास स्थिरावतात, डायोडनंतर ४.९ राहतात, आणि मुख्य वाटेच्या ५.६ पेक्षा स्पष्ट खाली असतात. मुख्य वाट शाबूत असेपर्यंत ही बॅटरी गप्प बसते आणि ती गेली की त्याच क्षणी पुरवठा सुरू करते, मध्ये कुठलाही स्विच किंवा रिले हलावा लागत नाही. मी एनेलूप प्रकारचे, म्हणजे पडून राहिल्यावर लवकर न उतरणारे, २००० एमएएचचे पेन्सिल सेल घेतले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर विमान घराबाहेरच पडत नाही, तेव्हा हा गुण महत्त्वाचा. सेल स्प्रिंगच्या खोक्यात न घालता पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेली तयार जोडी करून घेतली, कारण मोटरच्या कंपनात स्प्रिंगवरचा सेल क्षणभर सुटला तरी सगळी मेहनत वाया जाते. चार सेलचे वजन १०८ ग्रॅम भरले. लहान सेल घेऊन निम्मे वजन वाचले असते, पण लहान सेल तीन अँपिअरच्या झटक्याला जास्त दबतात. शिवाय माझ्या विमानाच्या नाकात तोल साधण्यासाठी ६० ग्रॅम शिसे होतेच. ते काढून बॅटरी तिथे बसवली.

दोन वाटा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवण्याकडे मी विशेष लक्ष दिले. रिसीव्हरच्या सगळ्या चॅनेलांची प्लस आणि मायनस पट्टी आत एकच असते, त्यामुळे मुख्य वीज बॅटरीच्या जागी आणि बॅकअप रिकाम्या चॅनेलवर, अशा दोन स्वतंत्र प्लगांनी आत नेता आली. दोन्ही वाटा आधीच एकत्र करून एका प्लगने आत नेल्या असत्या, तर तो एक प्लग सैल झाल्यावर दोन्ही गेल्या असत्या. अर्थात पट्टी एकच असल्याने एखाद्या सर्व्होची तार घासून शॉर्ट झाली तर दोन्ही पुरवठे एकदम बसतात, आणि रिसीव्हरच खराब झाला तर बॅटरी कितीही असून भागत नाही. म्हणून बिजागरीजवळून जाणाऱ्या तारांवर मी कापडी नळी चढवली आणि दर महिन्याला त्या हाताने चाचपून पाहतो.

बॅकअपच्या वाटेवर एक स्विच लागतो, नाहीतर लिपो काढल्यावरही रिसीव्हर चालूच राहतो. या स्विचमुळे उड्डाणाआधीचा क्रम बदलला, आणि मला वाटते सगळ्या कामात हाच भाग सर्वांत मोलाचा ठरला. आधी थ्रॉटल खाली ठेवून ट्रान्समीटर चालू करायचा, मग बॅकअपचा स्विच. या वेळी लिपो जोडलेली नसते, तेव्हा विमान केवळ बॅकअपवर असते. त्याच अवस्थेत अर्धा मिनिट सगळे सर्व्हो टोकापासून टोकापर्यंत हलवायचे. ते जोमाने हलले तरच लिपो जोडायची. उतरल्यावर उलट: आधी लिपो काढायची, सर्व्हो अजून हलतात का बघायचे, मग स्विच बंद. अशा रीतीने बॅकअपची परीक्षा प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर आपोआप होते. एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये. रिसीव्हर आधीच जागा असल्यामुळे लिपो जोडताच ईएससी लगेच तयार होते, पूर्वीसारखी सिग्नलची वाट पाहत नाही. म्हणून विमान कोणीतरी मागून धरलेले असावे, हात पंख्याच्या मागे असावेत, आणि सिग्नल गेल्यास थ्रॉटल शून्यावर जाईल असा फेलसेफ आधीच लावलेला असावा.

पावसाळा संपला, नोव्हेंबर आला. पहिल्या फेरीआधी मी बॅटरी पूर्ण उतरवून आणि भरून तिची क्षमता तपासली आणि रिसीव्हरच्या पिना घासून पुसल्या, कारण चार महिन्यांच्या दमट हवेत पितळेवर हिरवट थर धरतो. जमिनीवर विमान बांधून, मोटर अर्ध्या वेगावर फिरत असताना भाच्याने मुख्य बीईसीचा प्लग रिसीव्हरमधून उपटला. मोटर फिरतच राहिली, सर्व्हो हलतच राहिले, फक्त त्यांचा वेग किंचित मंदावला. ऑसिलोस्कोपवर हाच प्रयोग केला तेव्हा रेघ ५.६ वरून ४.८ वर उतरली होती; सहाही सर्व्हो एकदम ओढले तरी ती ४.२ च्या खाली गेली नव्हती. मग विमान दोरीने आणखी घट्ट बांधून लिपोच काढली. मोटर थांबली आणि सर्व्हो चालत राहिले. भाचा म्हणाला, “मामा, एप्रिलमध्ये हे असतं तर विमान वाचलं असतं की.”

त्यानंतर वहीत दर रविवारी एक ओळ लिहिली जाऊ लागली: उड्डाणे किती, बॅकअपमध्ये भरले किती. पाच उड्डाणांच्या परीक्षांना मिळून साधारण ४५ एमएएच लागतात. कधी ४०, कधी ५०. भाच्याला ही लिखापढी अनावश्यक वाटत होती आणि तसे तो म्हणतही होता.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी चार उड्डाणे झाली, चारही व्यवस्थित. रात्री चार्जरने १६० भरले. अपेक्षा होती ३५-४० ची. सव्वाशे एमएएच जास्त, म्हणजे एका उड्डाणाहून थोडा जास्त वेळ विमान बॅकअपवर उडाले होते आणि शेतात आम्हा तिघांपैकी कोणालाही त्याची चाहूल लागली नव्हती. मी दिवा जवळ घेऊन मुख्य बीईसीचा प्लग पाहिला. बाहेरून काही दिसत नव्हते. तांबडी तार बोटाने हलकेच ओढली तेव्हा ती दोन मिलिमीटर मागे सरकली. टोक दाबताना मीच तारेवरचे प्लॅस्टिकचे सालपट नीट काढले नव्हते. पितळेने तारेऐवजी अर्धे प्लॅस्टिकच धरले होते, आणि मोटरच्या कंपनात ते कधी टेकत होते, कधी सुटत होते. बॅटरी नसती तर हे सुटणे मला वहीतून कळले नसते, बांधावर कळले असते.

ते टोक मी कापून नवे घातले, आणि या वेळी दाबल्यानंतर तारेला विमानाचे अर्धे वजन टांगून पाहिले. दुसऱ्या दिवशी टेलिमेट्रीचा रिसीव्हर मागवला. आता रिसीव्हरवरचे व्होल्टेज ट्रान्समीटरच्या पडद्यावर दिसते आणि ५.२ च्या खाली गेले की तो वाजतो. मुख्य वाट ५.६ ची आणि राखीव ४.९ ची असल्यामुळे मधला आकडा निवडणे सोपे गेले. वाजला की मोटर चालू असली तरी उड्डाण तिथेच संपवून विमान उतरवायचे, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. वहीतली ओळ मात्र मी बंद केलेली नाही, आणि हल्ली ती भाचा लिहितो.